पिल्लाची आई पाहिलीत का?

वाचकांचे प्रश्न, पशुवैद्यकाची उत्तरे

या वेळी कुत्रा घरी आणण्याविषयीची पत्रे इतकी आली की, संपूर्ण सदर त्याच विषयाला दिले आहे. बहुतेकांनी नाव न छापण्याची विनंती केली असल्याने केवळ गावांचा उल्लेख केला आहे.

प्रश्न : आमच्या दहा वर्षांच्या मुलाने वर्षभर हट्ट धरल्यावर आम्ही कुत्रा पाळायचे ठरवले. मला लॅब्रॅडॉर हवा आहे. एका ब्रीडरकडे ‘पेपरसह’ पिल्लू मिळते आहे आणि ते पाच आठवड्यांचे झाले की घेऊन जा, लवकर नेले तर लळा चांगला लागतो, असे तो सांगतो. पत्नीचे म्हणणे असे की, विकत घेण्यापेक्षा निवारा केंद्रातून कुत्रा आणावा. तिथला कुत्रा आजारी असेल किंवा पूर्वी मार खाल्लेला असल्यामुळे मुलाला चावेल, अशी मला भीती वाटते. – ठाणे

उत्तर : आपल्या पत्रातील ‘पाच आठवडे’ या शब्दांपाशी मी थांबलो, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. कुत्र्यांची पैदास आणि विक्री यांसंबंधी केंद्र सरकारने २०१७ मध्ये केलेल्या नियमांनुसार आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही. यामागचे कारण अगदी साधे आहे. तिसऱ्या ते आठव्या आठवड्यात पिल्लू आपल्या आईकडून आणि भावंडांकडून दातांचा जोर आवरायला शिकते. खेळताना ते जोरात चावले की भावंड केकाटते आणि खेळ मोडतो, आई नाकाने ढकलून देते, आणि असे शेकडो वेळा घडल्यावर दात कुठवर लावायचे हे त्याला उमगते. ही शाळा अर्धवट सोडून आलेली पिल्ले पुढे घरातल्या मुलांचे हातपाय ओरबाडतात आणि ‘जात चांगली होती, पण स्वभाव वाईट निघाला’ अशी तक्रार घेऊन माझ्याकडे येतात. लवकर नेल्याने लळा अधिक लागतो, हे म्हणणे खरे नाही. पिल्लू लवकर गेले की त्याच्या खाण्याचा आणि लसीचा खर्च विकणाऱ्याचा वाचतो, इतकेच खरे आहे.

आता ‘पेपर’ म्हणजे काय ते पाहू. जातिवंत कुत्र्यांची नोंद ठेवणाऱ्या केनेल क्लबच्या प्रमाणपत्रावर पिल्लाची वंशावळ लिहिलेली असते. त्याच्या आरोग्याची हमी त्यात नसते. लॅब्रॅडॉर आणि जर्मन शेफर्ड या जातींमध्ये कमरेच्या सांध्याचा आनुवंशिक दोष पुष्कळ आढळतो. आईबापांच्या कमरेचे एक्स-रे काढून, ते निर्दोष असतील तरच त्यांची जोडी लावणारा ब्रीडर आपल्याला ते एक्स-रे स्वतःहून दाखवतो. आपण एवढेच करावे : त्याच्याकडे जाऊन पिल्लाची आई दाखवा असे म्हणावे. व्हिडिओ किंवा भिंतीवरचा फोटो पाहून समाधान मानू नये; ती जिथे राहते ती जागा आणि तिथे ती स्वतः पाहावी. त्याच २०१७ च्या नियमांनुसार ब्रीडरची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी हवी, मादी दीड वर्षाची होण्याआधी आणि आठ वर्षांनंतर तिच्यापासून पिल्ले घेता येत नाहीत, वर्षाला एकापेक्षा जास्त आणि आयुष्यात पाचापेक्षा जास्त वेळा तिला व्यायला लावता येत नाही. आई सध्या दुसरीकडे आहे, ती अनोळखी माणसांना घाबरते, पिल्लू आम्ही रेल्वे स्थानकावर आणून देतो, अशी उत्तरे मिळाली तर तो व्यवहार तिथेच सोडावा. माझ्या टेबलावर आलेल्या अशा कित्येक माद्या मला आठवतात. वय सहा-सात वर्षे, कास लोंबलेली, दात पिंजऱ्याच्या गजांवर झिजलेले, आणि जमिनीवर उतरवले तर गवतावर पाय कसा ठेवावा हे माहीत नसलेल्या. पिल्ले देणे थांबले की त्यांना कुठेतरी सोडून दिले जाते. आपण ज्या गोंडस पिल्लाचे पैसे मोजतो, त्याची किंमत तिने मोजलेली असते, आणि तिला आपण बहुधा कधीच पाहत नाही.

आता आपल्या भीतीविषयी. ती निराधार आहे असे मी म्हणणार नाही. रस्त्यावरून उचलून आणलेल्या पिल्लांमध्ये पार्वो आणि डिस्टेंपर हे आजार आढळतात, गोचिडांमुळे होणारा ताप मोठ्या कुत्र्यांमध्ये नेहमीचा आहे, आणि गर्दी झालेल्या केंद्रात खोकल्याची साथ पसरते. परंतु चांगल्या केंद्रात कुत्रा आल्यावर त्याला काही दिवस वेगळे ठेवतात, जंतनाशक देतात, अनेक रोगांची एकत्रित लस आणि तीन महिन्यांच्या पुढे रेबीजची लस टोचतात, मोठा असेल तर नसबंदी करतात आणि या सगळ्याची नोंद असलेले पुस्तक आपल्या हातात देतात. पाच आठवड्यांच्या ‘जातिवंत’ पिल्लाजवळ यातले काहीही नसते. पार्वोने रक्ताची हगवण लागून दगावलेली विकतची पिल्ले मी केंद्रातील पिल्लांइतकीच पाहिली आहेत. फरक एवढाच की, मालकाला ते ‘कंपनीचे’ वाटत असल्यामुळे डॉक्टरकडे यायला त्याने उशीर केलेला असतो. एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगतो : कुठूनही आणलेले, लसीकरण पूर्ण न झालेले पिल्लू खेळताना मुलाला चावले किंवा त्याचा दात लागून रक्त आले, तर ती जागा वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. रेबीजच्या बाबतीत ‘पिल्लूच तर आहे’ असे म्हणू नये.

राहिला स्वभावाचा प्रश्न. पिल्लाच्या स्वभावाचा केवळ अंदाज बांधता येतो. मोठ्या कुत्र्याचा स्वभाव मात्र डोळ्यांसमोर असतो. केंद्रातील दोन-तीन वर्षांचा कुत्रा मुलांबरोबर कसा वागतो, जेवणाच्या भांड्याजवळ हात नेला तर काय करतो, मांजर दिसली तर खेचतो का, हे रोज त्याला खाऊ घालणाऱ्या माणसाला पाठ असते. म्हणून केंद्रप्रमुखांशी बोलण्यापेक्षा त्या कामगाराशी अर्धा तास बोला. मुलाला घेऊन निदान तीन वेळा जा. पहिल्या भेटीत ठरवू नका. आणि लॅब्रॅडॉरच हवा असेल, तर तोही तिथे मिळू शकतो, कारण हौसेने विकत घेतलेले लॅब्रॅडॉर, पग आणि हस्की घर बदलले, बाळ झाले किंवा कुत्रा आजारी पडला की केंद्राच्या फाटकाला बांधून ठेवले जातात. असे सोडून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे, तरीही ते सर्रास घडते.

आपल्या पत्नीचे म्हणणे मला पटते. तरीही आपण ब्रीडरकडेच गेलात, तर आईला पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका, एवढी विनंती आहे.

प्रश्न : आमचा बंगला गावाबाहेर आहे आणि राखणीसाठी जर्मन शेफर्ड घ्यावा असे भाऊ म्हणतात. फाटकाबाहेर एक गावठी कुत्री नेहमी असते, तिच्या कानाला खाच आहे. गावठी कुत्रा राखण करतो का? तिलाच घरात घेता येईल का? – नाशिक

उत्तर : आपल्याकडे वस्त्या, मळे आणि मेंढ्यांचे कळप पिढ्यान्‌पिढ्या याच कुत्र्यांनी राखले आहेत. दत्ताच्या तसबिरीत पायाशी बसलेली चार कुत्रीही तीच. आखूड केस, घट्ट बांधा आणि तीक्ष्ण कान ही आपल्या हवामानाने घडवलेली देणगी आहे. अनोळखी पावलाचा आवाज गावठी कुत्र्याला जितक्या दुरून कळतो, तितक्या दुरून कळणारे दुसरे काही आपल्या बंगल्यात नसेल. कुत्र्याचे काम भुंकून वर्दी देण्याचे आहे. चोराला धरण्याचे काम त्याच्याकडून अपेक्षू नये, आणि त्यासाठी त्याला दिवसभर साखळीला बांधून तापट तर मुळीच करू नये, मग तो कोणत्याही जातीचा असो.

कानाची खाच म्हणजे तिची नसबंदी आणि रेबीजचे लसीकरण झाले असल्याची खूण. रेबीजची लस मात्र दरवर्षी द्यावी लागते, तेवढी आपण करून घ्यावी. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार शस्त्रक्रियेनंतर कुत्र्याला त्याच्याच भागात परत सोडतात. म्हणूनच महापालिकेचे नसबंदी केंद्र आणि कुत्रे दत्तक देणारे निवारा केंद्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे इतर वाचकांनीही लक्षात घ्यावे. तिला घ्यायचे असेल तर महापालिकेकडे अर्ज करता येतो. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात भटका कुत्रा अशा रीतीने दत्तक घेण्याची मुभा दिली आणि तो पुन्हा रस्त्यावर जाणार नाही याची जबाबदारी घेणाऱ्यावर टाकली. परंतु आधी तिचे मन पाहा. फाटक आठवडाभर उघडे ठेवा, आत पाण्याचे भांडे आणि पोते टाकून ठेवा. ती आपणहून येऊन झोपू लागली, तर तिचा होकार आहे असे समजा. मोकळ्या रस्त्यावर वाढलेल्या काही कुत्र्यांना बंद दार सोसत नाही.

प्रश्न : आम्ही दोघे सत्तरीच्या उंबरठ्यावर आहोत. मुले परदेशी. सोबतीला पिल्लू आणावे असे वाटते. – रत्नागिरी

उत्तर : सोबत अवश्य आणा, मात्र पिल्लू आणू नका. पिल्लाला दोन-दोन तासांनी बाहेर न्यावे लागते, ते चपला कुरतडते, पायांत घुटमळते, आणि या वयात पायांत घुटमळण्याचा अर्थ पडणे आणि हाड मोडणे असा होऊ शकतो. शिवाय आज आणलेले पिल्लू बारा-चौदा वर्षे जगेल, याचाही विचार करायला हवा. केंद्रातून सात-आठ वर्षांचा शांत कुत्रा घ्या. अशा कुत्र्यांकडे कोणी वळून पाहत नाही. लोक येतात ते पिल्लांच्या कुंपणापाशी थांबतात आणि तोंडावर पांढरे केस आलेला कुत्रा मागे बसून राहतो. त्याला सकाळ-संध्याकाळ फेरी, वेळेवर जेवण आणि आपल्या खुर्चीजवळची जागा पुरते. घेताना रक्ताची तपासणी करून घ्या, दात पाहून घ्या, आणि आपल्यापैकी कोणी रुग्णालयात दाखल झाले तर कुत्र्याला कोण सांभाळेल, त्या व्यक्तीचे नाव आधीच ठरवून ठेवा. तीन पायांचा किंवा एका डोळ्याचा कुत्रा दाखवला तर दचकू नका. तीन पायांवर कुत्रा किती सहज जगतो, हे पाहिल्याशिवाय कळत नाही.

प्रश्न : अकरा दिवसांपूर्वी आम्ही केंद्रातून तीन वर्षांची कुत्री आणली. ती दिवसभर पलंगाखाली असते, रात्री उठून थोडे खाते. कुकरची शिट्टी झाली की थरथरते, फरशीवर पाय ठेवत नाही, आणि परवा माझ्या यजमानांनी तिला ओढून बाहेर काढायचा प्रयत्न केला तेव्हा गुरगुरली. सासूबाई म्हणतात, परत देऊन टाका. आमची निवड चुकली का? – पुणे

उत्तर : आपली निवड चुकलेली नाही. तिला घर म्हणजे काय हेच अजून माहीत नाही. आपल्याला सवयीच्या असलेल्या वस्तू तिच्या जागी बसून पाहा : डोक्यावर गरगर फिरणारा पंखा, अचानक किंचाळणारा कुकर, मिक्सर, आरशातला अनोळखी कुत्रा, दारावरची घंटा, आणि पंजा घसरेल अशी गुळगुळीत फरशी. मातीवर आणि सिमेंटवर वाढलेल्या कुत्रीला चकचकीत फरशी म्हणजे आपल्याला शेवाळलेला घाट जसा, तशी वाटते. पलंगापासून दारापर्यंत गोणपाट किंवा जुन्या सतरंज्या अंथरून द्या; बऱ्याचदा एवढ्यानेच कुत्रे बाहेर येते.

केंद्रातली अनुभवी माणसे तीन दिवस, तीन आठवडे आणि तीन महिने असा ढोबळ हिशेब सांगतात : पहिल्या तीन दिवसांत भीती उतरते, तीन आठवड्यांत घराचा दिनक्रम कळतो, आणि तीन महिन्यांनी हे आपले घर आहे अशी खात्री पटते. हे काही गणित नव्हे, एखादीला याहून अधिक काळ लागतो. आपल्याकडील अकरा दिवस म्हणजे सुरुवातच आहे.

गुरगुरण्याबद्दल मला थोडे विस्ताराने लिहायला हवे, कारण याच एका गोष्टीवरून अनेक कुत्रे परत जातात. गुरगुरणे म्हणजे कुत्र्याने दिलेली सूचना असते : मला भीती वाटते, पुढे येऊ नका. त्या सूचनेबद्दल मार बसला, तर कुत्रा सूचना देणे बंद करतो आणि पुढच्या वेळी सरळ चावतो. आपली कुत्री चावू शकत असतानाही केवळ गुरगुरली, यात मला तिचा समंजसपणा दिसतो. यजमानांनी तिला ओढू नये. त्यांनी रोज ठरावीक वेळी पलंगापासून चार हात दूर, तिच्याकडे पाठ किंवा कूस करून जमिनीवर बसावे, वर्तमानपत्र वाचावे, उकडलेल्या कोंबडीचे तुकडे हळूच तिच्या बाजूला सरकवावेत आणि काही न बोलता उठून जावे. दिवसागणिक तुकडे थोडे अलीकडे पडू द्यावेत. तिला पुरुषांची, काठीची किंवा झाडूची भीती असण्याचा संभव आहे. घरकामाला येणाऱ्या ताईंनाही सांगून ठेवा की, पलंगाखाली झाडू घालू नये; तेवढी जागा काही दिवस तशीच राहू दे.

शेजाऱ्यांना आणि नातेवाइकांना ‘नवी पाहुणी’ पाहायला बोलावू नका. अंघोळ घालण्याची घाई करू नका. बाहेर नेताना गळपट्टा आणि छातीपट्टा असे दोन्ही लावून दोन दोऱ्या धरा, कारण घाबरलेले कुत्रे डोके मागे घेऊन पट्ट्यातून निसटते, आणि नव्या जागेतून पळालेल्या कुत्र्याला परत येण्याचा रस्ता माहीत नसतो. पट्ट्याला आपला फोन क्रमांक आजच लावा. दिवाळीत किंवा विसर्जनाच्या मिरवणुकीच्या दिवशी तिला आतल्या खोलीत, खिडक्या बंद करून, कोणीतरी सोबत बसून ठेवा.

ती रात्री खाते हे चांगले लक्षण आहे. मात्र सलग दोन दिवस काहीच खाल्ले नाही, ताप वाटला किंवा हिरड्या फिक्या दिसल्या, तर वाट न पाहता डॉक्टरांकडे न्या; गोचीडतापातही कुत्रे असेच कोपरा धरून बसते. सासूबाईंना माझा एक निरोप द्या : जेवणाची थाळी रोज त्यांनीच ठेवावी. खाऊ घालणाऱ्या हाताची ओळख कुत्र्याला सर्वांत आधी पटते, आणि माझ्या पाहण्यात घरातली सर्वांत विरोधी व्यक्तीच महिनाभरात सर्वांत जवळची झालेली आहे.

प्रश्न : मी न्यू जर्सीत राहतो. सुट्टीत गावी आलो असताना केंद्रातील तीन महिन्यांचे पिल्लू आवडले. सोबत नेता येईल का? – सध्या कोल्हापूर

उत्तर : लगेच नेता येणार नाही. अमेरिकेच्या १ ऑगस्ट २०२४ पासून लागू झालेल्या नियमांनुसार देशात येणारा कुत्रा किमान सहा महिन्यांचा आणि मायक्रोचिप (कातडीखाली बसवायची ओळख क्रमांकाची चिप) बसवलेला असावा लागतो. भारत कुत्र्यांच्या रेबीजचा अधिक धोका असलेल्या देशांत मोडत असल्याने इथे लस दिलेल्या कुत्र्यासाठी ठरावीक प्रमाणपत्र, मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतील रक्तचाचणी आणि तिथल्या नोंदणीकृत केंद्रातील आरक्षण हेही लागते. चिप आधी आणि लस नंतर, हा क्रम चुकवू नका. पिल्लाला तोवर सांभाळणारे विश्वासाचे घर इथे असेल तरच होकार द्या. नसेल, तर तेच पिल्लू कोल्हापुरातील एखाद्या घरात जाऊ दे आणि आपण आपल्या जवळच्या केंद्रातून कुत्रा घ्या.

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी हौसेने हस्की विकत घेतली. आता उन्हाळ्यात ती धापा टाकते, एसीचे बिल परवडत नाही, आणि माझी बदली झाली आहे. ब्रीडर परत घेत नाही. कुठे सोडावी? – नागपूर

उत्तर : ‘सोडणे’ हा शब्द प्रथम बाजूला ठेवू. ज्या शहराचा पारा मे महिन्यात ४५ अंशांवर जातो, तिथे बर्फाळ प्रदेशासाठी दुहेरी केसांचा कोट घेऊन जन्मलेला कुत्रा आपल्याला विकणाऱ्याने हे आधी सांगायला हवे होते; परंतु आता ती आपली आहे, आणि तिला नवे घर मिळेपर्यंत आपलीच राहील.

निवारा केंद्रांना फोन करा, पण लगेच जागा मिळेल असे गृहीत धरू नका. त्यांच्याकडे अपघातात सापडलेले आणि मरणासन्न कुत्रे आधी असतात. त्याऐवजी त्यांच्या दत्तक यादीत तिचा फोटो आणि माहिती द्यायला सांगा, आणि कुत्री आपल्याच घरी ठेवा. माहिती खरी लिहा : वय, नसबंदी झाली की नाही, कशाला घाबरते, किती व्यायाम लागतो. नसबंदी झाली नसेल तर देण्याआधी ती आपल्या खर्चाने करून घ्या, कारण हस्कीसारखी मादी फुकट मागायला येणाऱ्यांत तिच्यापासून पिल्ले काढणारे असतात आणि मग तीच पिंजऱ्यातली आई होते. घ्यायला येणाऱ्याचे घर स्वतः जाऊन पाहा, कुटुंबातील सगळ्यांशी बोला, आणि दोघांच्या सहीने कागद करा. थंड हवेच्या गावी राहणारे कुटुंब मिळाले तर उत्तमच.

तोवर तिची फेरी पहाटे सूर्योदयापूर्वी आणि रात्री नऊनंतर ठेवा; दुपारी डांबरावर पाय ठेवू देऊ नका. तिचे केस भादरू नका, कारण तोच कोट उन्हापासूनही तिचे रक्षण करतो. गळणारी आतली लव मात्र रोज विंचरून काढा. कूलरसमोर ओला तरट अंथरा, पाण्यात बर्फ टाका. धाप थांबत नसेल, जीभ गडद लाल दिसत असेल किंवा तोल जात असेल, तर पोट आणि पंजे साध्या पाण्याने भिजवून तत्काळ दवाखाना गाठा. नव्या घरी पाठवताना तिचे वापरलेले अंथरूण न धुता सोबत द्या आणि तिचे खाण्याचे वेळापत्रक, तिला कळणारे शब्द व तिच्या डॉक्टरांचा क्रमांक एका कागदावर लिहून त्यांच्या हाती द्या.